आपल्या घरातली चोरी

जुलै २०२५ मध्ये भारतातील अमेरिकी दूतावासाने एक जाहीर इशारा दिला. अमेरिकेत चोरी, मारहाण किंवा घरफोडी केल्यास नुसता खटलाच होईल असे नाही. व्हिसा रद्द होऊ शकतो आणि पुढे तो मिळण्याची वाटही बंद होऊ शकते, असा त्याचा आशय होता. परक्या देशाच्या वकिलातीने आपल्याला ‘आमच्याकडे येऊन चोरी करू नका’ असे बजावावे, याचे आपल्याला काही वाटले का? आदल्या वर्षी न्यू जर्सीत दोन भारतीय विद्यार्थिनींना किराणा दुकानातून पैसे न देता वस्तू नेल्याच्या आरोपावरून अटक झाली, तेव्हा आपण ती चित्रफीत एकमेकांना पाठवली, ‘देशाची लाज घालवली’ असे म्हटले आणि मुली आपल्याकडच्या नाहीत ना, एवढे पाहून निश्चिंत झालो.

त्या देशातला कायदा कसा चालतो, हे मुलांना निरोप देताना आपण सांगत नाही. तिथल्या कित्येक दुकानांत गिऱ्हाईक स्वतःच वस्तू यंत्रापुढे धरते, बिल करते, पैसे भरते आणि निघते. चार वस्तूंतली एक यंत्राला न दाखवता थेट पिशवीत टाकली, किंवा महाग वस्तूवर स्वस्त वस्तूची पट्टी चिकटवली, तर हटकायला समोर कोणी नसते. पण डोक्यावर कॅमेरा असतो आणि आतल्या खोलीत तो पाहणारा माणूस असतो. मग दाराशी अडवणे, पोलीस, बोटांचे ठसे, न्यायालयाची तारीख. न्यू जर्सीत दोनशे डॉलरच्या आतल्या चोरीला जास्तीत जास्त सहा महिन्यांची कैद आहे आणि पहिल्या वेळी बहुधा दंड आणि समाजसेवेवर भागते. तिथल्या नागरिकाचे प्रकरण इतक्यावर मिटते. आपल्या मुलाचे मिटत नाही. इमिग्रेशनचा कायदा चोरीला सामान्यतः नैतिक अधःपतनाचा गुन्हा मानतो. देशात आल्यापासून पाच वर्षांच्या आत तो घडला, त्याला एक वर्ष वा अधिक कैदेची तरतूद असली आणि दोष सिद्ध झाला, तर हद्दपारी होऊ शकते. एकाच किरकोळ गुन्ह्याला काही सवलत आहे. पण व्हिसा रद्द करायला दोष सिद्ध व्हावा लागत नाही, अटकही पुरते. शिवाय १९९६ पासून ‘दोषी’ कोणाला मानायचे याची इमिग्रेशनमधली व्याख्या इतकी व्यापक आहे, की न्यायाधीशापुढे गुन्हा कबूल करून एखादी शिक्षा स्वीकारली, तर त्या न्यायालयाने पुढे प्रकरण पुसून टाकले तरी इमिग्रेशनच्या लेखी दोष बहुधा राहतोच. २०२५ च्या पूर्वार्धात हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या इमिग्रेशनच्या नोंदी एकाएकी बंद करण्यात आल्या; त्यांत कित्येकांच्या नावावर वाहतुकीचा नियम मोडल्याची किंवा फेटाळल्या गेलेल्या आरोपाची नोंद, एवढेच होते. न्यायालयांत दाद मागितल्यावर एप्रिलअखेर सरकारला माघार घ्यावी लागली. अपराधाच्या मानाने ही शिक्षा अतोनात आहे, असेच मी म्हणेन. पण तो कायदा बदलणे आपल्या हाती नाही. आपले घर आपल्या हाती आहे, आणि माझे म्हणणे आपल्या घराविषयी आहे.

एसटीत बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला आई हळूच सांगते, ‘कंडक्टरने विचारलं तर अकरा सांग.’ मूल अकरा सांगते, अर्धे तिकीट फाटते, शेजारचे प्रवासी कौतुकाने हसतात. त्या मुलाने त्या दिवशी चोरी केली आणि ती आईबापांच्या मांडीवर बसून केली, असे म्हटले तर आपल्याला राग येतो. दहावीच्या केंद्राच्या भिंतीवर चढून आत चिठ्ठ्या फेकणारे हात कोणा गुंडांचे नसतात. मोठ्या भावाचे असतात, मामाचे असतात, आणि त्याला आपण मदत म्हणतो. पुढे मुलगा परदेशी निघतो, तेव्हा व्हिसासाठी खात्यात दाखवायची रक्कम काही दिवसांपुरती कोणाकडून तरी आणून ठेवली जाते. ‘सगळेच करतात,’ असे एजंट सांगतो आणि वडील मान डोलावतात. मुलगा ते पाहत असतो. ज्याच्या अमेरिकेच्या वाटेवरचे पहिले पाऊलच आपण खोट्यावर टाकायला लावले, त्याने तिथल्या दुकानात, कोणी पाहत नाही असे वाटताना, खरे वागावे अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो? नियम असतो, पण तो आपल्यासाठी नसतो; आणि अंगाशी आलेच तर मिटवता येते, हेच तो आपल्याकडून शिकला.

आपल्या घरातली चोरी आपल्याला चोरी वाटत नाही, या आंधळेपणाचे मूळ आणखी खोल आहे. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे पारध्यांसारख्या कितीतरी जमातींना जन्मतःच चोर ठरवले. माणसांना हजेरी लावली, सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसवले. कायदा इंग्रजांचा; पण त्याला आपल्या जातिव्यवस्थेची मनोमन संमती होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या जमाती कागदोपत्री मुक्त झाल्या. आपली मने मुक्त झाली नाहीत. आजही गावात चोरी झाली की पहिली धाड पारध्यांच्या पालावर पडते. घरात अंगठी सापडली नाही की आपली नजर धुण्याभांड्याच्या बाईकडे जाते. चोरी कृत्यावरून ओळखावी हे आपल्याला कोणी शिकवले नाही; आपण ती जातीवरून, कपड्यांवरून, बोलीवरून ओळखत आलो. म्हणूनच शिकलेल्या, चांगल्या घरातल्या मुलाच्या हातून घडते ती आपल्या लेखी ‘चूक’ असते, आणि पोटासाठी कणसे तोडणाऱ्याच्या हातून घडतो तो ‘गुन्हा’. पारध्याच्या पोराला केवळ संशयावरून कोठडीत घातले, तेव्हा त्याच्या आयुष्याचे काय झाले हे आपण कधी विचारले नाही. आता तोच शिक्का आपल्या पोरावर बसतो आहे आणि आपण अन्यायाचा आक्रोश करतो आहोत.

आक्रोशही आपण उघड करत नाही. अपरात्री तिकडून पकडल्या गेलेल्या मुलाचा फोन येतो. इकडे वडिलांना पहिले आठवते ते कर्ज, दुसरी आठवते ती अब्रू. ‘कोणाला बोलू नकोस. कबूल कर, दंड भर आणि मोकळा हो.’ या एका सल्ल्याने किती मुले बुडाली असतील! ज्या कबुलीने प्रकरण मिटेल असे बापाला वाटते, तीच कबुली मुलाच्या पुढच्या प्रत्येक अर्जावर सावलीसारखी चालत येते. कबुलीने हद्दपारीचा धोका ओढवत असेल तर वकिलाने अशिलाला तसे सांगितलेच पाहिजे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला आहे. पण लाजेपोटी मुलाने वकीलच केला नाही तर सांगणार कोण? यात निर्दोष मुलेही भरडली जातात. ढकलगाडीच्या तळाशी राहिलेली वस्तू खरोखर विसरलेली असू शकते, आणि अब्रूच्या धाकाने असा मुलगाही गुन्हा कबूल करून बसतो.

दर ऑगस्टला मुले विमानात बसतात. त्याआधी हे बोलणे घरात झाले पाहिजे, आणि ते आपण आधी बदलल्याशिवाय मुलांना पटणार नाही. पुढच्या प्रवासात पूर्ण तिकीट काढा. खात्यात उसनी रक्कम दाखवू नका. तेवढी ऐपत नसेल तर एक वर्ष थांबा. घरात वस्तू हरवली तर कामवालीला विचारण्याआधी स्वतःचे कपाट नीट पाहा. मुलांना सांगा, की परक्या दुकानातली दहा डॉलरची वस्तूही परक्याचीच आहे. आणि हेही सांगा, की काही घडलेच तर पहिला फोन आम्हाला कर. फौजदारी आणि इमिग्रेशन दोन्ही जाणणाऱ्या वकिलाला भेटल्याशिवाय काही कबूल करू नकोस, कशावर सही करू नकोस. ‘कधी अटक झाली होती का?’ असे व्हिसाच्या अर्जात विचारतात. आरोप फेटाळला गेला असला तरी अटक झाली असेल तर ‘हो’ असेच लिही. तिथे खोटे लिहिले आणि ते उघड झाले, तर त्या देशाचे दार जन्मभर बंद होऊ शकते.