पाणसळीचा पासंग

आपल्याकडच्या गवंड्याच्या पिशवीत थापी, गुण्या, ओळंबा आणि पाणसळ एवढी हत्यारं हमखास असायची. इथे सिंगापुरात हार्डवेअरच्या दुकानात ‘स्पिरिट लेव्हल’ मागितली की हातात पडते ती हीच पाणसळ. सरळ पट्टी, तिच्यात बसवलेली एक छोटी नळी, नळीत रंगीत द्रव आणि त्यात एक बुडबुडा. बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध आला की जागा समतल, असं आपण धरून चालतो. पण खुद्द पाणसळ बरोबर आहे हे कशावरून? ती तपासायला दुसरी पाणसळ आणली, तर त्या दुसरीला कोण तपासणार?

याचं उत्तर आपल्या बाजारात फार जुनं आहे. रिकाम्या तराजूचं एक पारडं झुकत असलं, तर त्या फरकाला पासंग म्हणतात. (‘पासंगालाही पुरत नाही’ हे आपण रोज म्हणतो, पण तराजूच हद्दपार झाल्यामुळे मुलांना ते समजावून सांगावं लागतं.) वाण्याचा संशय आला तर दुसरा तराजू आणायची गरज नाही. वजनं आणि माल यांची पारडी बदलून पुन्हा तोलायला सांगायचं. तराजू खरा असेल तर काटा तसाच राहील. खोटा असेल तर आधी एकीकडे झालेली चूक आता दुसरीकडे दिसेल.

पाणसळीचंही तेच. फ्रान्सच्या मेल्शिसेदेक तेव्हनोने १६६१ च्या सुमाराला, म्हणजे अफझलखानाच्या वधानंतर दोनेक वर्षांनी, हे उपकरण काढलं. त्यातली नळी सरळ दिसते, पण ती आतून किंचित कमानदार असते आणि बुडबुडा त्या कमानीच्या सर्वांत उंच जागी जाऊन बसतो. कमानीची त्रिज्या २ मीटर असेल, तर १ मीटरला १ मिलिमीटर उतार झाल्यावर बुडबुडा २ मिलिमीटर सरकतो. त्रिज्या जितकी मोठी तितकी पाणसळ तिखट. आत पाण्याऐवजी स्पिरिट भरायचं कारण म्हणजे ते थंडीत गोठत नाही आणि बुडबुडा नळीला न चिकटता झटकन सरकतो. खोट येते ती बहुधा नळी पट्टीत तिरकी बसल्यामुळे. पट्टी एकदा शिडीवरून खाली आपटली, की नळी न फुटतासुद्धा हे होऊ शकतं.

आता परीक्षा. ओटा किंवा टेबल पुसून घ्या, वाळूचा एक कणही चालत नाही. पाणसळ ठेवा, तिच्याभोवती पेन्सिलने रेघ मारा, बुडबुडा कुठे आहे ते बघा. मग पट्टी उचलून तिचं डावं टोक उजवीकडे येईल अशी फिरवा आणि त्याच रेघांत ठेवा. उलथी करायची नाही, नुसती फिरवायची. बुडबुडा आपल्या, म्हणजे बघणाऱ्याच्या, त्याच बाजूला तेवढाच सरकलेला राहिला तर पाणसळ खरी आणि टेबल उतरतं. विरुद्ध बाजूला तेवढाच गेला तर टेबल समतल आणि पाणसळ खोटी. बहुतेक वेळा दोन्हींचा थोडाथोडा वाटा निघतो, आणि गंमत तिथेच आहे.

आपला ईस्ट कोस्ट बराचसा भरावाचा. १९६६ पासून समुद्रात माती टाकून हा किनारा पुढे सरकवला, आणि मरीन परेड ही तर संपूर्णपणे भरावाच्या जमिनीवर उभी राहिलेली एचडीबीची पहिली वसाहत. त्यामुळे इथे फरशीवर गोटी घरंगळली तरी लोक समुद्राकडे संशयाने बघतात. मरीन परेडलाच आमच्या एका मित्राने मध्यंतरी स्वयंपाकघरातला ओटा नवा करून घेतला. चांगला २.४ मीटरचा ग्रॅनाइट. त्याने आपली ६० सेंटिमीटरची पाणसळ ठेवली आणि बुडबुडा उजवीकडे गेला. ओटा डावीकडे उतरतोय, उखडून पुन्हा बसवा, तोवर पैसे मिळणार नाहीत, असं त्याने ठेकेदाराला सांगितलं. शेजारच्यांनी भर घातली की भरावाची जमीन आहे, इमारतच कलली असेल. (अशा उंच इमारतींचा भार खोल पाइल्सवरून खालच्या पक्क्या थरावर जातो. भराव खचला तरी आधी खचतात त्या भोवतालच्या पायवाटा.) वहिनींनी ओट्यावर पाणी ओतून बघितलं, पण पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटवर थेंब जागच्या जागी बसून राहतात, त्यावरून काही ठरेना. मध्ये सापडला होता ओटा बसवणारा कारागीर, तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईचा. ओटा उखडायचा तर त्याची तीन दिवसांची मजुरी बुडणार होती.

मी पोचलो तेव्हा तो काही न बोलता माझ्याकडे बघून हाताने नुसती ‘फिरवा’ अशी खूण करत होता. त्याला हे ठाऊक होतं, फक्त त्याचं कोणी ऐकत नव्हतं.

आम्ही मोजलं. मापाला मित्राचीच व्हिजिटिंग कार्डं घेतली, एक कार्ड साधारण ०.३ मिलिमीटर जाडीचं. बुडबुडा मध्ये आणायला आधी डाव्या टोकाखाली ४ कार्डं लागली. पट्टी फिरवल्यावर उजव्या टोकाखाली २. पहिल्या वेळी ओट्याचा उतार आणि पाणसळीची खोट यांची बेरीज झाली होती, दुसऱ्या वेळी खोट उलट दिशेला गेली. म्हणून ४ मधून २ वजा करून निम्मं केलं की ओट्याचा खरा उतार, १ कार्ड. ४ आणि २ मिळवून निम्मं केलं की पाणसळीचा पासंग, ३ कार्डं. मित्राच्या हिशोबाने २.४ मीटरला जवळजवळ ५ मिलिमीटरचा उतार होता. प्रत्यक्षात निघाला सव्वा मिलिमीटर, आणि तोही डावीकडे, जिथे सिंक आहे! पैसे त्याच संध्याकाळी दिले गेले. वहिनींनी कारागिराला चहा दिला. तो त्याने ओट्यापाशी उभ्यानेच प्यायला.

म्हणजे बघा, खोट्या पाणसळीनेही खरं माप काढता येतं, फक्त दोनदा मोजावं लागतं. सिव्हिलवाल्यांना यात नवल वाटणार नाही. कॉलेजात डंपी लेव्हल घेऊन उन्हात ‘टू पेग टेस्ट’ केलेली असते ती हीच. उपकरण दोन खुंट्यांच्या बरोबर मध्ये उभं केलं की दोन्हीकडची चूक सारखी होते आणि वजाबाकीत उडून जाते, मग एका खुंटीजवळ नेऊन बघितलं की लपलेली चूक बाहेर येते. सिंगापूरचा सुमारे ३० टक्के भाग सरासरी समुद्रपातळीपासून ५ मीटरही उंच नाही, आणि याच किनाऱ्यासमोर सुमारे ८०० हेक्टरांचं ‘लाँग आयलंड’ करायचा बेत २०२३ मध्ये जाहीर झालाय. अशा जागी गटारांचे आणि बांधांचे उतार मिलिमीटरच्या हिशोबात काढावे लागतात.

असो. पाणसळीतल्या उभ्या मापाच्या नळीसाठी मात्र सरळ ओळंबा लावून बघावा. दोरीला टांगलेल्या वजनाला पासंग नसतो, पंखा तेवढा बंद करा. मोबाइलमधल्या लेव्हललाही फिरवण्याची परीक्षा लागू आहे, पण कॅमेऱ्याचा उंचवटा आडवा येतो म्हणून फोन त्याच्या सरळ कडेवर उभा धरावा. काही पाणसळींना नळी जुळवायचे स्क्रू असतात. फिरवल्यावर जो फरक दिसतो त्याच्या निम्माच स्क्रूने काढायचा, कारण दिसणारा फरक खोटेच्या दुप्पट असतो. स्क्रू नसतील तर पट्टीवर खोट लिहून ठेवावी. नवी घेणार असाल तर मीटरला ०.५ मिलिमीटरपर्यंत अचूक असलेली घ्या, आणि पैसे देण्यापूर्वी दुकानातल्याच एखाद्या फळीवर ठेवून फिरवून बघा. दुकानदार बघत राहील, बघू दे.