देवाचे घर आणि मराठीचा इतिहास

बीड जिल्ह्यात मराठीच्या विद्यार्थ्यांची अभ्याससहल निघाली, की ती हटकून अंबाजोगाईला जाते. तेथे मुकुंदराजांची समाधी आहे. पासोडीवर 'पंचीकरण' लिहिणाऱ्या दासोपंतांचीही आहे. हे योग्यच. पण मराठवाड्यातील मराठीचा इतिहास समाध्यांपाशी संपतो, असा समज या सहलींतून रुजतो आणि तो चुकीचा आहे. बीडला लागून असलेल्या जालन्याचे उदाहरण घेऊ.

नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. १८५४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पुढे स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या वतीने त्यांनी जालन्यात काम उभे केले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या कारकिर्दीत मिळालेल्या जमिनीवर, जालन्याजवळ, 'बेथेल' हे ख्रिस्ती गाव वसले. बेथेल म्हणजे हिब्रू भाषेत देवाचे घर. तेथे आलेल्यांत मांग आणि महार कुटुंबे मोठ्या संख्येने होती. ज्यांना देवळाची पायरी चढण्याची मुभा नव्हती, त्यांच्या गावाचेच नाव देवाचे घर ठरले.

निजामी राज्यात कारभाराची भाषा आधी फारसी आणि नंतर उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. अशा राज्यात गावकुसाबाहेरची माणसे मराठीत प्रार्थना करत होती, मराठीत गात होती, मराठी शास्त्र वाचायला शिकत होती. ही घटना केवळ धार्मिक नव्हे. ती वाङ्मयीन आहे.

तरीही 'ख्रिस्ती मराठी साहित्य' म्हटले की आपण बाबा पदमनजी आणि रेव्हरंड टिळक ही दोन नावे घेऊन थांबतो. मिशनचे अहवाल इंग्रजीत, दूरच्या देणगीदारांसाठी लिहिलेले. त्यांत शेषाद्री ठळकपणे दिसतात, बाकावर बसलेली मंडळी दिसत नाही. तिचा माग काढायचा तर छोट्या गावांतील चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदवह्या, थडग्यांवरचे लेख आणि वृद्धांच्या आठवणी यांकडेच वळावे लागेल. कागदाला वाळवी लागते, जुन्या भिंती पाडून नव्या उभ्या राहतात आणि माणसे तर त्याहून लवकर जातात.

धर्मांतराबद्दल कोणाचे मत काहीही असो, ही कागदपत्रे मराठीची आहेत. अंबाजोगाईच्या पुढच्या सहलीत एक दिवस वाढवावा आणि जालन्याच्या जुन्या चर्चसमोरही वही उघडावी.