कुरकुरणारी हार्ड डिस्क

ऐन परीक्षेच्या आठवड्यांत लॅपटॉप रखडूं लागला म्हणजे नौपाड्यांतील घरोघरीं दोन पक्ष पडतात. मुलांस नवा लॅपटॉप हवा असतो. वडिलांस वाटतें, गोखले रोडवरील एखादा कारागीर ती हार्ड डिस्कच दुरुस्त करून देईल. आमच्या मतें दोन्ही पक्ष चुकतात.

१९५६ सालीं आय. बी. एम. कंपनीनें आणिलेल्या पहिल्या हार्ड डिस्कपासून तत्त्व एकच आहे: तबकडी फिरते व वाचणारें टोंक तिजवर अधांतरीं तरंगतें. आजच्या डिस्कमध्यें तें अंतर धुळीच्या कणाहूनहि कमी! टोंक एकदां तबकडीस घासलें, कीं ती जखम कोणासहि बुजवितां येत नाहीं. निर्धूळ खोलींत डबी उघडणारे जाणते असतात, पण तेहि जमल्यास मजकूर वांचवितात, डिस्क नव्हे. उलटपक्षीं, डिस्क गेली म्हणून लॅपटॉप टाकणें ही निव्वळ उधळपट्टी होय. बहुतेक जुन्या लॅपटॉपांत अडीच इंची डिस्क काढून तिच्या जागीं एसएसडी बसवितां येते. तींत फिरणारा भागच नसल्यानें म्हातारें यंत्रहि चपळ होतें. (तीहि कधीं कधीं मुकाट्यानें मरते, हें विसरूं नये.)

परंतु आधीं नक्कल, मग बदल. टक् टक् आवाज येऊं लागल्यास तर यंत्र तत्काळ बंदच करावें. ‘अजून चालतें आहे ना,’ असें म्हणत आम्हीं एकदां आठवडा दवडिला आणि नऊ वर्षांच्या स्नेहसंमेलनांचीं छायाचित्रें गमाविलीं. ती डिस्क भंगारवाल्यास देववत नाहीं; आमच्या मेजाच्या खणांत अद्यापि पडून आहे.