टाका कोणी घातला, हेही पाटीवर हवे

मिलानच्या कॅथेड्रलला लागून असलेल्या पलाझ्झो रेआले या जुन्या राजवाड्यात एप्रिल ते जुलै २०२४ या काळात डोल्चे अँड गबाना या फॅशन घराण्याचे मोठे प्रदर्शन भरले. ‘हृदयातून हातांपर्यंत’ अशा अर्थाचे त्याचे नाव होते. फ्लॉरन्स म्युलर यांनी त्याची आखणी केली होती आणि पुढे ते पॅरिसच्या ग्राँ पालेमध्ये व रोममध्येही गेले. हे घराणे २०१२ पासून ‘आल्ता मोदा’ या नावाने हाताने घडवलेले, एकेकच नग असलेले पोशाख करते. तेच पोशाख इथे इटलीच्या कलापरंपरेच्या शेजारी उभे केले होते. सिसिलीच्या रंगवलेल्या गाड्या, मोनरेआलेच्या कॅथेड्रलमधले सोनेरी मोझेइक, पालेर्मोच्या प्रार्थनागृहांत जाकोमो सेर्पोत्ताने घडवलेले पांढरेशुभ्र गिलाव्याचे शिल्पकाम, मुरानोची काच, व्हिस्कोन्ती यांच्या १९६३च्या ‘इल गात्तोपार्दो’ चित्रपटातला नृत्याचा दिवाणखाना असे बरेच काही कापडावर उतरले होते. अशी प्रदर्शने पाहण्याजोगी असतात. एरवी काही श्रीमंत गिऱ्हाइकांच्या कपाटात बंद राहणारे काम तिकीट काढणाऱ्या कुणालाही हातभर अंतरावरून न्याहाळता येते. माझी तक्रार वैभवाबद्दल नाही, किमतीबद्दलही नाही. ती पोशाखाखालच्या छोट्या पाटीबद्दल आहे.

फॅशनच्या प्रदर्शनांत त्या पाटीवर साधारणपणे घराण्याचे नाव, संग्रहाचे नाव, वर्ष आणि कापडाचा प्रकार असतो. भरतकाम कोणी केले, किती जणांनी केले, कोणत्या गावात आणि किती तासांत केले, याचा उल्लेख क्वचितच आढळतो. एखादी नामांकित कार्यशाळा असेल तर तिचे नाव कधीमधी येते, माणसाचे येत नाही. दुकानाच्या काचेमागे हे चालून जाईल, कारण दुकान विकायला बसलेले असते. पलाझ्झो रेआले मात्र मिलान नगरपालिकेची वास्तू आहे. सार्वजनिक संग्रहालय आपले छत एखाद्या चालत्या उद्योगाला देते, तेव्हा त्याच्या मालाला कलाकृतीचा मान मिळतो, आणि हा मान पैशाने मोजता येण्यासारखा नाही. त्याच्या बदल्यात संग्रहालयाने एक मागणे ठामपणे मागावे असे माझे म्हणणे आहे. हस्तकलेच्या नावाने प्रदर्शन भरवायचे असेल तर ती कला ज्यांच्या हातात आहे, त्यांची नावे त्यांच्या संमतीने पाटीवर आली पाहिजेत. सोबत कामाची जागा आणि कामाचे तासही.

ही आजकालची हळवी कल्पना आहे असे कुणाला वाटेल. पण ज्या इटालियन कलेचा वारसा ही घराणी सांगतात, तिचाच दाखला यावर देता येतो. फ्लॉरेन्सच्या कालिमाला या कापड व्यापाऱ्यांच्या संघाने १४६६च्या सुमारास तिथल्या सेंट जॉनच्या बाप्तिस्मागृहासाठी धर्मगुरूंच्या वस्त्रांचा एक संच भरतकामाने सजवून घ्यायला सुरुवात केली. चित्रे आंतोनिओ पोलायुओलो या नामवंत चित्रकाराची. काम वीसएक वर्षे चालले. वस्त्रे झिजून गेली, पण त्यांवरचे भरतकामाचे २७ तुकडे आजही फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलच्या संग्रहालयात आहेत. त्यांची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. सोन्याची तार जोडीजोडीने आडवी अंथरायची आणि ती रंगीत रेशमाच्या बारीक टाक्यांनी जागच्या जागी दाबायची. चेहऱ्यावर, कपड्याच्या चुणीवर जिथे उजेड पडतो तिथे टाके विरळ ठेवायचे, म्हणजे खालचे सोने लकाकते. सावली हवी तिथे टाके इतके दाट घालायचे की सोने जवळजवळ दिसेनासे व्हावे. चित्रकाराने कागदावर रेघ दिली होती, पण उजेड किती आणि अंधार किती हे टाक्याटाक्याला भरतकाम करणाऱ्यानेच ठरवले. या कारागिरांची नावे आजही आपल्याला माहीत आहेत. व्हेरोनाचा पाओलो, व्हेनिसचा पिएरो, फ्लँडर्समधल्या मेखलेनहून आलेला कोपिनो. कलावंतांची चरित्रे लिहिणाऱ्या व्हासारीने पोलायुओलोची थोरवी सांगताना पाओलोलाही त्याचे श्रेय दिले आहे. म्हणजे साडेपाचशे वर्षांपूर्वी आराखडा करणारा आणि टाका घालणारा, दोघांचीही नावे टिकतील एवढी काळजी त्या शहराने घेतली होती.

पैशाचेही तसेच. गिर्लांदायोने १४८५ मध्ये फ्लॉरेन्सच्या अनाथालयासाठी चित्र काढण्याचा करार केला, त्यात निळा रंग औंसाला चार फ्लोरिन किमतीचा असावा असे स्पष्ट लिहिले आहे. रंगाचा दर, चित्रकाराचे मानधन, काम संपवण्याची मुदत, सगळे कागदावर होते. त्यामुळे चित्राची शान कमी झाली नाही. उलट आज इतिहासकार त्या चित्राकडे अधिक आदराने पाहतात ते अशा कागदांमुळेच.

आता त्याच मिलान शहरातली आजची स्थिती पाहा. जून २०२४ मध्ये, हे प्रदर्शन चालू असतानाच, मिलानच्या न्यायालयाने डिओर या फॅशन घराण्याच्या इटलीतील एका उत्पादक कंपनीवर न्यायालयीन देखरेख बसवली. दुकानात २,६०० युरोंना विकल्या जाणाऱ्या एका पिशवीच्या जोडणीसाठी पुरवठादाराला ५३ युरो मिळत होते, त्यात चामड्याची किंमत धरलेली नव्हती, असे तपासात पुढे आले. काही कामगार कारखान्यातच झोपत होते. त्याआधी एप्रिलमध्ये अरमानी समूहातील एका कंपनीवर अशीच कारवाई झाली होती आणि नंतर आणखी काही नावे त्यात आली. दोन गोष्टी इथे न्यायाने नोंदवायला हव्यात. ठपका होता तो पोटकंत्राटदारांवर पुरेशी नजर न ठेवल्याचा, आणि या दोन्ही कंपन्यांवरची देखरेख २०२५च्या सुरुवातीला उठवली गेली. डिओर आणि अरमानीच्या या दोन प्रकरणांशी डोल्चे अँड गबानाचा संबंध नव्हता, हेही स्पष्ट सांगायला हवे. मग हा मुद्दा इथे का? कारण प्रदर्शनातला पोशाख पाहून प्रेक्षकाच्या मनात बसणारी ‘इटलीत, प्रेमाने, हाताने केलेले’ ही समजूत त्या एका पोशाखापुरती राहत नाही. ती ‘मेड इन इटली’ अशी चिठ्ठी असलेल्या प्रत्येक पिशवीला आणि पट्ट्याला जाऊन चिकटते. आणि ही पिशवी, हा पट्टा कोणी, कुठे, कशा अवस्थेत केला हे विचारण्याची गरजच मग कुणाला वाटत नाही.

त्या चिठ्ठीशी मुंबईचाही संबंध आहे. युरोपीय संघाच्या नियमांनुसार मालावर शेवटची महत्त्वाची प्रक्रिया जिथे झाली, तो त्याचा मूळ देश. त्यामुळे मुंबईत भरलेले कापड युरोपात शिवले गेले तर पोशाखावर कायदेशीररीत्या युरोपातल्या देशाचे नाव लागते. मुंबईतल्या भरतकामाच्या कारखान्यांत लाकडी अड्ड्यावर कापड ताणून, खाक्यावरून नक्षी उतरवून, आरीच्या सुईने मणी, टिकल्या आणि जर भरणारे कारागीर अनेक वर्षे पॅरिस आणि मिलानच्या घराण्यांसाठी काम करत आले आहेत. त्यांतले बहुतेक उत्तर प्रदेश, बिहार, बंगालमधून आलेले. मार्च २०२३ मध्ये डिओरने गेटवे ऑफ इंडियाच्या समोर आपला शो केला आणि मुंबईच्या चाणक्य या भरतकामाच्या संस्थेला उघडपणे श्रेय दिले. हे पाऊल मोलाचे होते, त्याचे कौतुक हातचे न राखता करायला हवे. परंतु संस्थेचे नाव आले तरी अड्ड्यावर बसलेल्या माणसापर्यंत अजून एक पायरी उरतेच.

या मागणीवर आक्षेप आहेत आणि ते दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. पहिला असा, की पोशाखाचा खरा निर्माता म्हणजे ज्याला तो सुचला तो. बाकीचे सूचनेप्रमाणे काम करणारे. पण चित्रपटाचे श्रेय दिग्दर्शकाकडे जाते म्हणून श्रेयनामावलीतून वेशभूषा आणि प्रकाशयोजना करणाऱ्यांची नावे आपण गाळत नाही. दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: नावे जाहीर झाली की स्पर्धक चांगले कारागीर पळवतील. ही भीती खरी आहे, मात्र ती मालकाची आहे. कारागिराच्या बाजूने पाहिले तर दुसऱ्याकडून बोलावणे येणे म्हणजेच मजुरीची घासाघीस करण्याची ताकद हातात येणे. अनामिक माणसाला ती कधीच मिळत नाही. ज्याला स्वतःला नाव नको असेल, त्याचे देऊ नये.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. ही घराणी नसती तर कितीतरी कला केव्हाच बुडाल्या असत्या, त्यांच्याकडेच बोट का दाखवायचे? पॅरिसची लेसाज ही जुनी भरतकामाची कार्यशाळा शनेलने २००२ मध्ये विकत घेतली आणि ती टिकली, हे खरेच आहे. हाताने तासन्‌तास केलेल्या कामाचे पूर्ण मोल देणारे गिऱ्हाईक आज या बाजाराशिवाय फारसे उरलेले नाही. ते मान्य करूनही प्रश्न राहतो, की कला टिकवायची म्हणजे काय टिकवायचे. पुढच्या पिढीतल्या मुलामुलीने हे काम का शिकावे, याचे उत्तर केवळ पगारात नसते. आपल्या आईचे नाव राजवाड्यातल्या पाटीवर वाचलेली मुलगी या कामाकडे वेगळ्या नजरेने पाहील. इटलीतही तरुण या धंद्यांकडे वळत नाहीत अशी चिंता ही घराणीच सतत बोलून दाखवतात. मग नाव देण्याचा बिनखर्चाचा उपाय त्यांनी का टाळावा?

आपल्याकडे हा वाद जून २०२५ मध्ये घरात आला. प्राडाने मिलानच्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा त्यांचा उल्लेख केवळ चामड्याच्या सँडल असा होता. कोल्हापुरीला २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालेले होते. संताप उसळला, कंपनीने भारतीय पादत्राणांवरून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले आणि डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. या घडामोडीत एक छोटी बातमी मागे पडली. महाराष्ट्राच्या महामंडळाने कोल्हापुरी चपलांसाठी क्यूआर कोडची सोय केली. तो मोबाइलवर तपासला की चप्पल करणाऱ्या कारागिराचे किंवा उत्पादन केंद्राचे नाव, ठिकाण, वापरलेला माल आणि करण्याची पद्धत कळते. जी गोष्ट बाजारातल्या साध्या चपलेला शक्य आहे, ती जगात एकच नग असलेल्या आणि महिनोन्‌महिने खपून केलेल्या पोशाखाला अवघड आहे असे कुणी म्हणू शकणार नाही.

म्हणून सुरुवात आपल्याच दाराशी करावी. परदेशी फॅशन घराणी आता मुंबईकडे प्रदर्शनांसाठी आणि शोसाठी वळू लागली आहेत आणि त्यांना आपल्या ऐतिहासिक वास्तूंचे आकर्षण आहे. राज्य शासनाच्या, महापालिकेच्या किंवा पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातली जागा देताना परवानगीच्या अटींत स्वच्छता, सुरक्षा, आवाजाची मर्यादा हे सगळे असते. तिथेच आणखी एक कलम असावे: हाताने केलेल्या प्रत्येक वस्तूजवळ, संमती असेल तर, कारागिराचे नाव, गाव आणि लागलेले तास मराठीत व इंग्रजीत लावावेत. हीच अट पैठणीच्या, हिमरूच्या आणि वारली चित्रांच्या सरकारी प्रदर्शनांनाही लागू करावी, कारण तिथेही पाटीवर बहुधा कलेचे आणि जिल्ह्याचेच नाव असते. येवल्याच्या मागावर बसलेल्या विणकराचे नाव आपण लिहीत नसू, तर मिलानकडे ते मागताना आपला आवाज खालीच राहील.