खुर्चीतली मुशाफिरी

प्रवासवर्णन हा प्रकार आता संपला, असं हल्ली बरेच जण छातीठोकपणे सांगतात. कारणही तयार असतं. यूट्यूबवर टोकियोची गल्ली न् गल्ली दिसते, हॉटेलचे रेट मोबाईलवर कळतात, मग तीनशे पानं वाचायची कशाला?

मला हे अर्धंच पटतं. म्हणजे "सकाळी साडेसहाला चहा घेऊन बसमध्ये बसलो, आमचा गाईड फारच मिश्कील होता" या जातीची पुस्तकं संपली तर मी काही सुतक पाळणार नाही. टूरबरोबर दहा दिवसांत सहा देश आणि अकराव्या दिवशी प्रकाशकाला फोन! त्यातली माहिती नेटवर फुकट मिळते, आणि जास्त ताजी.

पण मंडळी, खुर्चीत बसून प्रवास करणाऱ्याला माहिती हवी असते कुठे? त्याला हवा असतो एक माणूस, ज्याच्या खांद्यावरून जग बघता येईल. 'अपूर्वाई'च घ्या. पुस्तक आलं १९६० साली. तेव्हा विलायतेला जाणं म्हणजे गावाने हार घालून निरोप देण्याचा प्रकार होता, त्यामुळे लंडनची नुसती माहितीसुद्धा लोकांना अपूर्व वाटली असणार. आज ते लंडन राहिलेलं नाही. तरी पुस्तक वाचलं जातं, कारण आपल्याला लंडन बघायचंच नसतं, लंडनमध्ये पुलं बघायचे असतात.

त्याच्याही मागे जाऊ. माझ्या मते मराठीतलं सगळ्यात थरारक प्रवासवर्णन एका कर्जबाजारी भटजीने लिहिलंय. वरसईचे विष्णुभट गोडसे. घरात पैशांची ओढाताण, आणि उत्तरेत मोठा यज्ञ होणार, दक्षिणा मिळेल, अशी बातमी आली. म्हणून ते काकांबरोबर निघाले. साल नेमकं १८५७! यज्ञ राहिला बाजूला, आणि आपले भटजी बंडाच्या ऐन वणव्यात. इंग्रजांनी झाशी घेतली तेव्हा ते झाशीतच होते. लूटमार, कत्तल, उपासमार सगळं डोळ्यांनी पाहिलं, कमावलेले पैसे गेले, जीव कसाबसा वाचला. घरी परतले ते गंगेच्या पाण्याची कावड घेऊन. हे पुस्तक म्हणजे 'माझा प्रवास'. कुठल्याही नेटफ्लिक्स सिरीजने तोंडात बोट घालावं!

आता गंमत बघा. भटजी काही 'ॲडव्हेंचर' करायला गेले नव्हते, गेले ते पोटासाठी. पंडिता रमाबाई अमेरिकेत १८८६ ते १८८८ राहिल्या, त्याही हौसेने फिरायला नव्हे, काम घेऊन. १८८९ साली त्यांनी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' लिहिलं. तिथल्या बायका काय शिकतात, संस्था कशा चालवतात हे इथल्या वाचकांना कळावं म्हणून. दोघांकडेही कॅमेरा नव्हता, पण घराबाहेर पडायला सज्जड कारण होतं.

"ही सगळी जुनी उदाहरणं झाली" असं कोणीतरी म्हणणारच. ठीक आहे, नवीन घेऊ, आणि तेही आपल्या शेजारच्या गोव्यातलं. नौदलातले दिलीप दोंदे २००९ च्या ऑगस्टमध्ये 'म्हादेई' नावाची ५६ फुटी शिडाची बोट घेऊन मुंबईहून एकटे निघाले आणि २०१० च्या मे महिन्यात पृथ्वीला वळसा घालून परत आले. वाटेत फक्त चार थांबे. असं करणारे ते पहिले भारतीय. बोट बांधली गोव्यात, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात. दोंद्यांचं यावरचं पुस्तक इंग्रजीत आहे. आमच्या आयटीवाल्यांना ते खास आवडेल, कारण समुद्राइतकीच त्यात तयारी आहे. बोट कोण बांधणार, कशी बांधणार, ही परवानगी कुठून, तो पार्ट कुठून. प्रोजेक्ट म्हणजे काय ते त्यात कळतं! आणि समुद्रात 'रोलबॅक' नसतो, हेही.

थोडक्यात काय, प्रवासाचं पुस्तक विकत घ्यायच्या आधी मी तीन प्रश्न विचारतो. हा माणूस का गेला? त्याला याची काय किंमत मोजावी लागली? आणि परत आल्यावर तो तोच राहिला का? भारती ठाकूर नर्मदा परिक्रमा चालून आल्या, त्यावर पुस्तक लिहिलं, आणि मग नर्मदाकाठीच मुक्काम ठोकून तिथल्या मुलांसाठी शाळा चालवायला लागल्या. तिसऱ्या प्रश्नाचं याहून चोख उत्तर मला तरी माहीत नाही.

आता मूळ मुद्दा. हे तीन प्रश्न घेऊन कणकवलीच्या बाजारात उभं राहा. का गेला? पोटासाठी. किंमत? अर्धं आयुष्य. तोच राहिला का? छे! ज्या जिल्ह्यात घरटी एक तरी माणूस मुंबईला, नाहीतर बोटीवर गेला, तिथे प्रवासवर्णनांचा ढीग पडायला हवा होता. मला तो वाचनालयाच्या कपाटात दिसत नाही.

कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली १९९८ साली. त्याआधी आपली माणसं एसटीने घाटवळणं मोजत जायची, किंवा देवगड, मालवण, वेंगुर्ला गाठून आगबोटीने. बोट बंदरापासून लांब उभी राहायची. मग पडावातून तिच्यापर्यंत जायचं, ट्रंक, पोरंबाळं आणि फणसासकट शिडीने वर चढायचं. ज्याला बोट लागायची त्याचे रात्रभर हाल, आणि सकाळी भाऊचा धक्का. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. तरी त्यानंतरही लोक बोटीने जातच राहिले, कारण दुसरा इलाज नव्हता. याला साहस म्हणायचं नाही तर कशाला?

हा प्रवास ज्यांनी केला त्यांतले बरेच आज सत्तरी-ऐंशीत आहेत. पडवीत बसलेले असतात. विचारलं तर म्हणतात, "त्यात काय सांगूचा आसा?" इथेच आपलं काम सुरू होतं. कारण गोडसे भटजींनाही लिहितं केलं ते चिंतामणराव वैद्यांनी. नाहीतर झाशी त्यांच्याबरोबरच गेली असती. पुस्तक १९०७ साली छापून आलं ते वैद्यांमुळेच, तोवर भटजी हयात नव्हते.

पण वैद्यांकडून एक सावधगिरीही शिकण्यासारखी आहे. त्यांनी छापताना मजकुरावर बराच हात फिरवला. भटजींचं मूळ लेखन दत्तो वामन पोतदारांनी प्रसिद्ध केलं ते थेट १९६६ साली. म्हणजे भटजींचा स्वतःचा आवाज वाचकांपर्यंत यायला आणखी ५९ वर्षं लागली. तेव्हा आजोबांचं ऐकताना त्यांची मालवणी 'शुद्ध' करू नका. 'आगबोट'च राहू द्या, तिचं 'जहाज' करू नका. भाडं किती होतं, डब्यात काय होतं, मुंबईत पहिल्या रात्री कुठे झोपले, हे विचारा. 'तुम्हाला कसं वाटलं?' हा टीव्हीवाल्यांचा प्रश्न, तो त्यांच्यासाठी ठेवा.

कोणी वाचेल का, ही शंका रास्त आहे. कदाचित तुमच्या घरातली चार माणसंच वाचतील. पण एका गरजू भटजीच्या वहीचं पुढे काय होणार, हे तरी तेव्हा कोणाला ठाऊक होतं? आपल्याकडे तर मोबाईलमध्ये रेकॉर्डर आहे आणि गणपतीत चांगली आठवड्याची रजा असते. त्यातले दोन तास पडवीत द्या.

असो. पुढच्या वर्षीच्या 'युरोप दहा दिवसांत'पेक्षा मला 'देवगड ते भाऊचा धक्का, एक रात्र' वाचायला जास्त आवडेल. पैसे आगाऊ देतो, लिहा कोणीतरी!