कॉम्प्युटर रेंगाळतोय? आधी कारण शोधा

दिल्लीत मे महिन्यातली आंधी येऊन गेली की, घराघरातून पंखे पुसले जातात, कूलरच्या जाळ्या धुतल्या जातात. राहून जातो तो टेबलाखालचा कॉम्प्युटर. मग जूनमध्ये तो रडतखडत चालू लागतो आणि घरात निकाल लागतो, 'जुना झाला, आता नवाच घ्या.'

एवढी घाई नको. सुरुवातीला नीट चालून अर्ध्या तासाने कॉम्प्युटर मंदावत असेल आणि आतला पंखा घरघरत असेल, तर दोष बहुधा उष्णतेचा. प्रोसेसर फार तापला की बचावासाठी स्वत:चा वेग कमी करतो. प्लग काढा, झाकण उघडा आणि पंख्याचे पाते बोटाने धरून मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा. ओले फडके मुळीच वापरू नका.

चालू केल्यापासूनच रेंगाळत असेल, तर विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात मेमरीचा रकाना सतत भरलेला दिसला, तर ब्राउझरमध्ये एकावेळी उघडी ठेवलेली पंचवीस पाने कमी करा, नाहीतर रॅम वाढवा. काहीच उघडलेले नसताना डिस्कचा आकडा बराच वेळ १०० टक्क्यांवर अडून राहिला, तर जुनी फिरती हार्ड डिस्क थकलेली असू शकते. तिच्या जागी एसएसडी बसवली की तेच मशीन पुष्कळदा चपळ होते. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर मात्र आधी मुलांचे फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे कॉपी करून घ्या, बाकी सगळे नंतर.

नेहरू प्लेसच्या बाजारात जाताना हा आकडा लिहून न्या. 'चालत नाही हो' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला काय काय विकता येईल, याला मर्यादा नसते! दोनतीन दुकानांत भाव विचारा, पक्के बिल घ्या आणि जुनी डिस्क परत मागा. तिच्यात तुमच्या बँकेचे कागद असतात.

आणखी एक. 'व्हायरस शिरला आहे, या नंबरवर फोन करा' अशी पाटी अचानक पडद्यावर झळकली, तर फोन करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. जुलै २०२५ मध्ये सीबीआयने नोएडात छापे घालून असेच एक कॉल सेंटर उघडकीस आणले. तिथून मायक्रोसॉफ्टचे मदतनीस असल्याची बतावणी करून ब्रिटन, ऑस्ट्रेलियातल्या लोकांना लुबाडले जात होते. पाटी हटत नसेल, तर सरळ कॉम्प्युटर बंद करा. फोन करून बसला असाल आणि समोरच्याला आत शिरू दिले असेल, तर लगेच इंटरनेट तोडा, बँकेला कळवा आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या मशीनवरून.