थांब्यावर उरलेली माणसे



गावची मुक्कामी गाडी बंद झाली की सरपंच चार माणसे बरोबर घेऊन आगारात जातात. आगार व्यवस्थापक बसायला सांगतात, फाइल काढतात आणि एक शब्द उच्चारतात : भारमान. गाडीत जागा किती आणि त्यांतल्या भरल्या किती, याचे शेकड्यात काढलेले प्रमाण म्हणजे भारमान. तुमच्या फेरीचे भारमान कमी, म्हणून फेरी बंद. कागदावर आकडा लिहिलेला असतो. त्यापुढे आपली मंडळी गप्प होतात. माणसाशी भांडता येते, आकड्याशी कसे भांडणार?

आज या आकड्याविषयीच थोडे बोलायचे आहे. त्यासाठी तुम्हांला आपल्या आगारात न नेता जरा लांब, मीरा-भाईंदरला नेतो. त्याला कारण आहे. आपली मुले मुंबईला गेली असे आपण म्हणतो, पण त्यांतली पुष्कळ प्रत्यक्षात मीरा रोड, भाईंदर, नालासोपारा, विरार इथे राहतात. म्हणजे तिथली बस ही आपल्याही घरातली गोष्ट झाली. शिवाय तिथे महापालिका आहे, यंत्रे आहेत, संगणक आहेत. एवढे असूनही कोडे तेच आहे, म्हणून ते तिथे नीट दिसते.

मुंबईची हद्द दहिसरला संपते, त्यापलीकडचे हे शहर. जिल्हा ठाणे. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र, पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. मधे मिठागरे. १९८५ साली ग्रामपंचायती एकत्र करून इथे नगरपालिका झाली आणि २००२ साली महापालिका. १९९१ च्या जनगणनेत इथे १,७५,६०५ माणसे होती, २००१ मध्ये ५,२०,३८८ झाली आणि २०११ मध्ये ८,०९,३७८. वीस वर्षांत साडेचार पटींहून जास्त! त्यानंतरची जनगणना २०२१ साली व्हायची, ती झाली नाही. तेव्हा सरकारी कागदावर आजही हे शहर २०११ सालचेच आहे. मधल्या काळात किती इमारती उठल्या ते लोकलमधून जाणाऱ्याला खिडकीतून दिसते.

पण शहर म्हटले म्हणजे सगळ्या इमारतीच आहेत असे समजू नका. भाईंदर स्टेशनाच्या पश्चिमेला उतरून उत्तनचा रस्ता धरला की राई, मुर्धा, मोर्वा ही गावे लागतात. आगरी वस्ती, वाड्या, भाजीपाला. पुढे डोंगरी, आणि टोकाला उत्तन, पाली, चौक ही कोळ्यांची गावे. तिकडे पूर्वेच्या टोकाला घोडबंदर, चेणे, काजूपाडा, डोंगराच्या पायथ्याची. रेल्वेने शहराचे दोन तुकडे केले आहेत, पूर्व आणि पश्चिम. मधे दाट वस्ती, दोन्ही टोकांना गावे. तुमच्या तालुक्याचा नकाशा आठवा. ठेवण तशीच आहे, फक्त मधला भाग फुगलेला.

महापालिका झाल्यावर काही वर्षांत तिने स्वतःची परिवहन सेवा काढली. तिच्या पद्धती बदलत गेल्या, ठेकेदार बदलत गेले, कामगारांचे संप झाले, केंद्राच्या योजनेतून गाड्या आल्या, त्यांतल्या काही उभ्या राहून गंजल्या. ती सगळी कथा सांगत बसलो तर अंक पुरणार नाही. अलीकडच्या वर्षांत विजेवर चालणाऱ्या गाड्याही आल्या. ठेकेदाराला पैसे मिळतात ते गाडी किती किलोमीटर धावली त्यावर. तिकिटाचे पैसे पालिकेचे, आणि येईल ती तूटही पालिकेची, म्हणजे घरपट्टी भरणाऱ्याची.

आता हल्लीचा एक शब्द घेऊ. ‘डेटा’. बसचे मार्ग डेटा पाहून ठरवा, असे जो तो सांगतो. शब्दाला भिऊ नका. डेटा म्हणजे मोजून टिपलेली माहिती. दूध संकलन केंद्रावर फॅट लावून वहीत चढवतात तो डेटाच, आणि सावकाराची चोपडी हासुद्धा डेटाच होता! वाहकाच्या हातातले तिकिटाचे यंत्र प्रत्येक तिकीट टिपते : कोणत्या थांब्यावर दिले, कुठपर्यंतचे दिले, किती वाजता दिले. गाडीवर बसवलेले यंत्र गाडी कोणत्या क्षणी कुठे होती ते टिपते. दोन्ही एकत्र केले तर कुठली फेरी भरली, कुठली रिकामी गेली, कुठे उशीर झाला, हे घरबसल्या कळते. पूर्वी हे काम वाहकाच्या वे-बिलावरून कारकून करीत. आता ते संगणक करतो. चांगली गोष्ट आहे, मी तिच्या विरुद्ध नाही.

पण या माहितीत एक मोठे भोक आहे. यंत्र गाडीत चढलेला माणूस मोजते. थांब्यावर उरलेला मोजत नाही. गाडी खच्चून भरली म्हणून न थांबता निघून गेली, तर मागे राहिलेली दहा माणसे यंत्राच्या लेखी जन्मालाच आलेली नाहीत. गाडी तासभर आली नाही म्हणून कोळीण मासळीची पाटी घेऊन रिक्षात बसली, तर बसच्या हिशेबात उत्तनला त्या वेळी प्रवासी नव्हता असे लागते. पुढच्या वर्षी साहेब कागद पाहतात आणि म्हणतात, या वेळेला मागणी नाही. मग फेरी कमी होते. फेरी कमी झाली की भरवसा जातो, भरवसा गेला की उरलेलेही रिक्षा पकडतात, आणि आकडा आणखी खाली येतो. आपल्याकडे याच चालीने वडापच्या जीपा भरू लागल्या. २०२१-२२ मध्ये एस. टी. चा संप महिनोन्‌महिने चालला, तेव्हा तर नाइलाजाने सगळे गाव जीपमध्ये बसले. एकदा लागलेली सवय गाडी पुन्हा आली म्हणून लगेच मोडत नाही. त्यावर भारमान काढून गावाला दोष द्यायचा, हा कुठला न्याय?

पासाचेही तसेच. अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास दाखवून शाळेला जाणाऱ्या मुलीला रोज तिकीट घ्यावे लागत नाही. तिची नोंद वाहकाने आठवणीने केली तर होते. उलट २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीपुढच्या म्हाताऱ्यांना एस. टी. मोफत झाली आणि २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धे तिकीट झाले, तिथे सवलतीचे पैसे महामंडळाला सरकारकडून घ्यायचे असल्यामुळे तिकिटागणिक हिशेब ठेवावा लागतो. ज्याचे पैसे यायचे असतात त्याची मोजणी बरोबर होते, एवढे लक्षात ठेवा.

तर मग काय करायचे? मोजायची माणसे थांब्यावर उभी करायची. आणि इथे पैशाचा प्रश्न येतो. नव्या गाड्यांना पैसा मिळतो. केंद्राची पीएम ई-बस सेवा योजना १६ ऑगस्ट २०२३ रोजी मंजूर झाली. तीन लाखांवरच्या शहरांसाठी दहा हजार विजेच्या गाड्या, एकूण खर्च ५७,६१३ कोटी, त्यांत केंद्राचे २०,००० कोटी. गाडी आली की हार घालता येतो, नारळ फोडता येतो, फोटो निघतो. थांब्यावर वही घेऊन उभ्या राहिलेल्या पोराचा फोटो कोण काढणार? म्हणून अंदाजपत्रकात गाड्यांना पान असते, मोजणीला ओळसुद्धा सापडत नाही.

जरा हिशेब करून पाहू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, खरे दर ठेक्याप्रमाणे निराळे असतील. एका गाडीला किलोमीटरमागे ७० रुपये द्यावे लागतात आणि ती दिवसाला २०० किलोमीटर धावते असे धरा. दिवसाचे १४,००० झाले, महिन्याचे ४,२०,०००. आता वीस मुलेमुली आठशे रुपये रोजाने सहा दिवस थांब्यांवर उभी केली तर खर्च येतो ९६,०००. म्हणजे एका गाडीच्या महिन्याच्या खर्चाचा चौथा हिस्सासुद्धा नाही. भाईंदर स्टेशनाबाहेर शेअर रिक्षात कितीजण बसतात, कुठे जातात. पहाटे उत्तनच्या थांब्यावर कोण उभे असते. चेण्याची पोरे शाळेला कशी पोचतात. एवढे त्यात कळेल. चुकीच्या वेळेला रिकामी धावणारी एक गाडी जरी त्यामुळे योग्य वेळेला लागली, तरी खर्च वसूल. ठेकेदाराला किलोमीटरवर पैसे मिळत असल्यामुळे गाडी रिकामी धावली तरी त्याचे काही जात नाही. जाते ते पालिकेचे. मोजायची गरज त्यामुळे पालिकेलाच.

इथपर्यंत पटले असेल तर आता पुढचे ऐका, कारण खरी मेख पुढेच आहे.

समजा, मोजणी अगदी चोख झाली. कोणी सुटले नाही. तरी मीरा रोडच्या दाट वस्तीत एका थांब्यावर जेवढी माणसे उभी असतील तेवढी चेण्यात किंवा मोर्व्यात कधीच असणार नाहीत. निव्वळ आकड्यावर मार्ग ठरवायचे म्हटले तर सगळ्या गाड्या मध्यभागी फिरतील आणि टोकाची गावे कोरडी राहतील. आकडा खोटा नसेल, तरी निकाल वाईट लागेल. यंत्राला विचारून हे सुटत नाही. किती गाड्या गर्दीसाठी आणि किती गाड्या गरजेसाठी, हे माणसांनी बसून आधी ठरवावे लागते.

अमेरिकेत ह्यूस्टन नावाचे मोठे शहर आहे. तिथल्या परिवहन मंडळाने हे उघडपणे ठरवले. साधारण शेकडा ऐंशी हिस्सा जिथे जास्त प्रवासी मिळतील तिथे आणि वीस हिस्सा जिथे माणसे कमी पण बसवाचून अडतील तिथे, असा वाटा पाडला. त्यावर नकाशा बेतला आणि १६ ऑगस्ट २०१५ रोजी एका रात्रीत शहराचे जवळजवळ सगळे मार्ग बदलले. ऐंशी-वीस हा आकडा आपण उचलावा असे माझे म्हणणे नाही. आपल्याकडे मोटारी थोड्या, अडणारी माणसे जास्त; वीस कमीच पडतील. घेण्यासारखे आहे ते एवढेच की वाटा आधी पाडला, आणि सगळ्यांसमक्ष पाडला.

ह्यूस्टन लांब वाटत असेल तर नाशिक जिल्ह्यात या. दिंडोरी तालुक्यात वाघाडचे धरण आहे. त्याच्या कालव्याच्या शेपटाला ओझर. पाणी वरचेच लोक घेत, शेपटाकडे पोचत नसे. समाज परिवर्तन केंद्राच्या बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना गोळा केले आणि १९९१ च्या सुमारास तिथे पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. त्यांनी पाणी मोजून घ्यायला सुरुवात केली. हेक्टरवर अंदाजाने नाही, घनमापाने. पुढे धरणाखालच्या सगळ्याच संस्था एकत्र आल्या. मोजणी आणि शेपटाचा हक्क या दोन गोष्टी तिथे एकत्र चालल्या, म्हणून पाणी टोकाला पोचले. नुसती मोजणी केली असती तर वरच्यांनी किती जास्त घेतले एवढेच कळले असते!

उत्तन, चेणे ही बसच्या पाटाची शेपटे आहेत. आपली गावे एस. टी. च्या पाटाची. महापालिकेच्या परिवहन समितीने, आणि तिकडे महामंडळाने, आधी शेपटाच्या फेऱ्या वेगळ्या काढाव्यात : दिवसाला कमीत कमी किती, शाळेच्या, बाजाराच्या, दवाखान्याच्या वेळेला कोणत्या. त्यांचा खर्च अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत दाखवावा, म्हणजे कोणाच्या डोळ्यावर येणार नाही आणि कोणाला गुपचूप कापताही येणार नाही. मग उरलेल्या गाड्या खुशाल भारमानावर फिरवा.

तोवर तुम्ही काय करणार? एक शंभर पानी वही घ्या. आठ दिवस, बाजारचा दिवस धरून, थांब्यावर कोणीतरी बसायचे. दहावीची परीक्षा झालेली मुले हे काम हौसेने करतात. पानावर रकाने आखा : गाडीची वेळ काय, आली किती वाजता, चढले किती, मागे राहिले किती. शेवटचा रकाना वडापचा : जीपमध्ये किती बसले आणि कुठे निघाले. पासवाल्या मुली वेगळ्या लिहा, आजारी माणूस किंवा बाळंतीण असेल तर तेही लिहा. नावे नकोत, संख्या पुरे. ज्या दिवशी गाडी आलीच नाही त्या दिवसाचे पान कोरे सोडू नका. ‘गाडी नाही’ असे लिहून किती माणसे थांबून परत गेली ते टिपा. आगाराच्या कागदात नेमके तेच नसते.

आठ दिवसांची बेरीज करा, ग्रामसभेत वाचून दाखवा, ठराव करा आणि वहीची नक्कल ठरावासकट आगारात द्या. पोच घ्यायला विसरू नका. हे सगळे मे महिन्यातच उरका, कारण जूनमध्ये शाळा उघडल्या की आगारातली माणसे पासांच्या गर्दीत असतात, मग तुमचा कागद बघायला कोणाला सवड होत नाही. ज्यांची मुले मीरा-भाईंदरला आहेत त्यांनी ही युक्ती तिकडेही कळवावी. तिथे आगाराऐवजी परिवहन व्यवस्थापकाचे नाव घालायचे, बाकी रकाने तेच.